जुने ब्रिटिश गेम शो पाहावेत कसे

‘बुल्सआय’ या जुन्या ब्रिटिश गेम शोच्या शेवटच्या काही मिनिटांचे तुकडे इंटरनेटवर पुष्कळ सापडतात. फलकावर डार्ट, म्हणजे छोटे टोकदार बाण, फेकणारे दोन स्पर्धक हरतात, पडदा सरकतो, मागे चकचकीत स्पीडबोट उभी असते आणि सूत्रसंचालक जिम बोवेन, जिंकला असतात तर काय मिळाले असते ते बघा, असे म्हणत ती त्यांना दाखवतात. एवढेच पाहिले तर हसू येते आणि विषय तिथेच संपतो. या कार्यक्रमांची खरी गोडी चाखायची असेल, तर पहिली गोष्ट अशी करावी की तुकडे पाहणे सोडून एक अख्खा भाग, सुरुवातीच्या संगीतापासून अखेरच्या श्रेयनामावलीपर्यंत, एका बैठकीत पाहावा. त्या स्पीडबोटीपर्यंत येण्यासाठी त्या दोघांनी किती प्रश्न सोडवले, किती डार्ट फेकले आणि सूत्रसंचालकाशी आपल्या नोकरीविषयी, गावाविषयी काय गप्पा मारल्या, हे पाहिल्याशिवाय पडदा सरकतानाचे त्यांचे चेहरे वाचता येत नाहीत.

मराठी प्रेक्षकाला ब्रिटिश गेम शो परका वाटण्याचे कारण नाही. ‘कौन बनेगा करोडपती’ आणि २०१३ मध्ये सचिन खेडेकरांनी सादर केलेला ‘कोण होईल मराठी करोडपती’ हे दोन्ही कार्यक्रम आयटीव्ही वाहिनीवर १९९८ मध्ये सुरू झालेल्या एका ब्रिटिश कार्यक्रमाची अपत्ये आहेत. मात्र अंधारलेला मंच, काळजाचा ठोका चुकवणारे संगीत आणि आयुष्य बदलून टाकणारी रक्कम ही सगळी त्या परंपरेच्या अगदी शेवटच्या टप्प्यावरची मंडळी आहेत. मी ज्या काळाविषयी लिहीत आहे तो साधारण १९५५ ते १९९० चा, आणि त्या काळात नेमके उलटे चित्र होते. बक्षीस लहान असे आणि खेळ अतोनात गुंतागुंतीचा असे. माझ्या मते या कार्यक्रमांचा सगळा खुळा गोडवा या विषम प्रमाणातच आहे. एका मिक्सरसाठी किंवा चेकबुक ठेवण्याच्या पाकिटासाठी प्रौढ माणसे कोपरापर्यंत चिखलात हात घालतात, आणि तो खेळ मनापासून, जीव ओतून खेळतात.

बक्षिसे लहान का होती, हे आधी माहीत असावे, म्हणजे पाहताना अपेक्षा योग्य जागी राहतात. बीबीसी ही संस्था दूरचित्रवाणी संच असलेल्या प्रत्येक घराकडून घेतल्या जाणाऱ्या परवाना शुल्कावर चालत असल्यामुळे लोकांचा पैसा बक्षिसांवर उधळणे तिला शोभले नसते. आयटीव्ही २२ सप्टेंबर १९५५ रोजी सुरू झाली आणि ती जाहिरातींवर चालत असे. पण तिच्यावर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाने बक्षिसांच्या किमतीवर मर्यादा घातली होती, आणि ती १९९० च्या दशकात उठली. त्यामुळे कार्यक्रम करणाऱ्यांना पैशाने प्रेक्षक बांधून ठेवता येत नव्हते. त्यांना नवनवे नियम, विक्षिप्त यंत्रे, बोलघेवडे सूत्रसंचालक आणि दर आठवड्याला तीच ती पालुपदे यांवर भिस्त ठेवावी लागली.

पहिला भाग कोणता निवडावा, असे मला कोणी विचारले तर मी ब्रूस फोरसाइथ यांनी १९७१ ते १९७७ या काळात बीबीसीवर सादर केलेल्या ‘द जनरेशन गेम’चे नाव सांगतो. मुळात एका डच कार्यक्रमावरून घेतलेल्या या खेळात एकाच कुटुंबातल्या दोन पिढ्यांची जोडी असते: वडील आणि मुलगी, मावशी आणि भाचा, सासू आणि जावई. एखादा कसबी कारागीर समोर येतो आणि आपले काम सहज करून दाखवतो; मग तेच काम या जोड्यांनी ठरलेल्या वेळात करायचे असते. इंग्रजी फारसे कळत नसले तरी या कार्यक्रमात काही अडत नाही, आणि म्हणूनच तो सुरुवातीला घ्यावा. कुंभाराच्या चाकाचा खेळ असेल तर कारागिराच्या बोटांखाली मातीचा गोळा आपण होऊन उभा राहिल्यासारखा वाटतो. तोच गोळा स्पर्धकाच्या हाती आल्यावर आधी एका बाजूला कलतो, मग त्याला कंबर फुटते, मग तो चाकावरून निसटू पाहतो आणि ते गृहस्थ दोन्ही पंजांनी त्याला कवटाळून धरतात. इथे भाग थांबवून फोरसाइथ यांच्याकडे पाहावे. ते स्पर्धकांच्या मधून सतत फिरत असतात, एकाचा ॲप्रन नीट करतात, दुसऱ्याची चेष्टा करतात, मध्येच कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकाला आपल्या हताशपणात सामील करून घेतात, पण एखादा स्पर्धक खरोखरच गोंधळला आहे असे दिसले की त्याच्या शेजारी जाऊन उभे राहतात. ही जागा सांभाळणे सोपे नाही, आणि ती त्यांच्याइतकी चांगली सांभाळणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

याच कार्यक्रमात पालुपद कसे काम करते तेही नीट दिसते. ‘तुम्हाला पाहून छान वाटले’ अशा अर्थाचे अर्धे वाक्य फोरसाइथ म्हणतात आणि सभागृह त्याच शब्दांची उलटापालट करून उरलेले अर्धे पूर्ण करते. कीर्तनकाराने ‘पुंडलिक वरदा’ म्हणावे आणि मंडपाने ‘हरि विठ्ठल’ म्हणून साद पुरी करावी, तशीच ही रचना आहे. त्या वाक्याच्या अर्थात काही विशेष शोधू नये. ते सर्वांना पाठ आहे आणि सर्वांनी मिळून म्हणायचे आहे, यातच त्याचे काम संपते. दोन-तीन भाग पाहिल्यावर आपण घरी बसून ते म्हणू लागलो, तर या कार्यक्रमांनी आपल्याला आत घेतले असे समजावे.

शेवटच्या फेरीत विजेत्यासमोरून सरकत्या पट्ट्यावर एकामागून एक वस्तू जातात, आणि नंतर त्यांतल्या जितक्या आठवतील तितक्या त्याच्या. टोस्टर, सुटकेस, घड्याळ, चहाचा संच असे सगळे घरगुती सामान, आणि त्यात एक मऊ खेळणे हमखास. आपल्याकडे हळदीकुंकवाला किंवा वाढदिवसाला ताटातल्या वस्तूंवर रुमाल झाकून जो स्मरणाचा खेळ घेतला जातो, त्याचीच ही चालती आवृत्ती आहे. हा भाग पाहताना गप्प बसू नये. स्पर्धक अडखळला की सभागृह ओरडून वस्तू सुचवते. आपणही कागदावर वस्तू न लिहिता लक्षात ठेवाव्यात आणि मोठ्याने म्हणाव्यात. माझा आतापर्यंतचा अनुभव असा की पहिल्या चार आणि शेवटच्या तीन वस्तू आठवतात, आणि मधला सगळा संसार वाहून जातो.

त्यानंतर ‘बुल्सआय’कडे वळावे. हा कार्यक्रम आयटीव्हीवर १९८१ ते १९९५ या काळात चालला आणि रविवारची संध्याकाळ ही त्याची वेळ म्हणून लोकांच्या लक्षात राहिली. यात मात्र नियम आधी समजून घेणे आवश्यक आहे, नाहीतर अर्धा भाग डोक्यावरून जातो. तीन जोड्या असतात, आणि प्रत्येक जोडीत एक जण डार्ट खेळणारा व दुसरा प्रश्नांची उत्तरे देणारा. डार्टवाला नेम धरून विषय मिळवतो किंवा गुण जमवतो, आणि जोडीदाराचे उत्तर बरोबर आले तरच त्या गुणांचे पौंड होतात. जिंकलेली जोडी पुढे बक्षिसांच्या फलकावर नऊ डार्ट फेकते. त्या फलकावर काळे भाग रुंद आणि लाल भाग अरुंद असतात. बक्षीस लाल भागातच मिळते, आणि एकाच भागात दोन डार्ट लागले तर काही मिळत नाही. हा सगळा नियम बोवेन एका यमकात सांगतात: काळ्यापासून दूर राहा, लालात राहा, एका ‘बेड’मध्ये दोघांना काही नाही. डार्टच्या फलकावरच्या एका खणाला खेळाडू ‘बेड’ म्हणतात, ही गोष्ट माहीत नसेल तर त्या ओळीतला चावटपणा तेवढा कळतो आणि नियम निसटतो.

सर्वांत शेवटी पणाला लावण्याची फेरी येते. मिळालेली सगळी बक्षिसे परत ठेवायची आणि सहा डार्टांत १०१ किंवा अधिक गुण करायचे. जमले तर पडद्यामागचे मोठे बक्षीस, न जमले तर ती सगळी बक्षिसे गेली. यांतले पहिले तीन डार्ट न खेळणाऱ्या जोडीदाराने फेकायचे असतात, आणि सगळे नाट्य इथेच आहे. आयुष्यात डार्ट हातात न धरलेला माणूस तीन वेळा फेकतो, त्यांतला एखादा फलकाच्या कडेला लागून खाली पडतो, आणि डार्टवाला मित्र उरलेली बेरीज मनात करत त्याच्या पाठीवर हात ठेवतो. तो हात पाहण्यासारखा असतो. ब्रिटिश प्रेक्षक आजही त्या स्पीडबोटीची आठवण काढतात, कारण समुद्रापासून दूर, भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला ती मिळाली तर तो ती ठेवणार कुठे, असा प्रश्न साऱ्या देशाला एकदमच पडत असे. बोवेन हे मूळचे लँकेशरमधले शिक्षक. ते कधी प्रश्न वाचताना अडखळतात, कधी स्पर्धकाचे बोलणे पुरते न ऐकता पुढे सरकतात, आणि तरीही स्पर्धक त्यांच्याशी गावच्या मास्तरांशी बोलावे तसे बोलतात. सफाई कमी आहे म्हणून भाग बंद करू नये. हीच ओबडधोबड जवळीक पुढच्या गुळगुळीत कार्यक्रमांतून हरवली.

उच्चार कळणे हा नव्या प्रेक्षकाचा खरा अडथळा असतो. शाळेत किंवा बातम्यांत ऐकलेले इंग्रजी इथे फार थोडे जण बोलतात. उत्तर इंग्लंड, मिडलंड्स, स्कॉटलंड अशा प्रत्येक भागाचा हेल वेगळा. आपोआप उमटणारी उपशीर्षके जुन्या टेपांवर फार चुकतात, म्हणून त्यांच्यावर विसंबू नये. एक भाग दोनदा पाहावा. पहिल्या वेळी नियम आणि चेहरे, दुसऱ्या वेळी बोलणे. १९७१ पूर्वीचा कार्यक्रम असेल तर एवढे ध्यानात ठेवावे की १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स होत असत, त्यामुळे तेव्हाचे लहान आकडे आजच्या मापाने मोजू नयेत.

‘थ्री-टू-वन’ हा १९७८ ते १९८८ या काळातला यॉर्कशर टेलिव्हिजनचा कार्यक्रम तिसऱ्या पायरीवर ठेवावा, कारण त्याला धीर लागतो. तो एका स्पॅनिश कार्यक्रमावर आधारलेला होता. नाचगाण्याचे किंवा विनोदी प्रवेश होतात, प्रत्येक प्रवेशाच्या शेवटी एक वस्तू टेबलावर येते आणि तिच्यासोबत एक कोड्यासारखी कविता वाचली जाते. जोडप्याने एकेक वस्तू नाकारत जायचे, आणि जी शेवटी उरेल तिच्यामागचे बक्षीस त्यांचे. त्यांतल्या एका वस्तूमागे डस्टी बिन नावाचा हसरा कचऱ्याचा डबा असतो, आणि तो उरला तर जोडप्याला खराखुरा नवा कोरा कचऱ्याचा डबा मिळतो. ही कोडी सोडवण्याच्या भरीस पडू नये. एका ओळीचे चार अर्थ निघतात आणि त्यांतला कोणता खरा, हे वस्तू नाकारल्यानंतरच सूत्रसंचालक टेड रॉजर्स समजावून सांगतात. पाहण्याची योग्य रीत अशी, की जोडपे विचार करत असताना भाग थांबवावा, घरातल्या प्रत्येकाने आपला अर्थ सांगावा, आणि मग रॉजर्स यांचे स्पष्टीकरण ऐकावे. मोटारगाडी आपणच नुकतीच नाकारली हे ऐकतानाही ती जोडपी सभ्यपणे मान डोलावतात, आणि त्या मान डोलावण्यात मला त्या देशाच्या स्वभावाचा मोठा अंश दिसतो.

‘ब्लँकेटी ब्लँक’ एक-दोन भागांपुरता पुरेसा आहे. रिकामी जागा भरण्याचा हा खेळ मूळ अमेरिकन. आधी टेरी वोगन आणि १९८४ पासून लेस डॉसन यांनी तो सादर केला. त्याचे चेकबुक-पेनचे सांत्वनपर बक्षीस जगजाहीर झाले, आणि डॉसन तर बक्षिसांची टर उडवूनच भाग रंगवत असत. ‘फॅमिली फॉर्च्युन्स’ मात्र अधिक वेळ द्यावा असा आहे. यात सर्वेक्षणातल्या शंभर जणांनी काय उत्तर दिले ते ओळखायचे असते, म्हणजे बरोबर उत्तरापेक्षा लोकांचे उत्तर मोलाचे. मॅक्स बायग्रेव्ह्ज सूत्रसंचालक असताना एका स्पर्धकाने अखेरच्या फेरीत समुद्रकिनाऱ्यावर नेण्याची वस्तू म्हणून टर्की, म्हणजे कोंबडीसारखा मोठा पक्षी, सांगितली, सुपरमार्केटात सर्वांत आधी घेण्याची वस्तू म्हणून पुन्हा टर्की सांगितली, आणि सारण भरून करण्याचा पदार्थ विचारल्यावर तिसऱ्यांदा टर्कीच सांगितली, जे अर्थात बरोबर होते. दिव्यांखाली, घड्याळ धावत असताना, एकदा तोंडात बसलेला शब्द सुटत नाही, हे ज्याने वर्गात फळ्यासमोर उभे राहून अनुभवले आहे त्याला त्या माणसाविषयी माया वाटल्यावाचून राहणार नाही.

माझा सर्वांत लाडका कार्यक्रम यांत मोडतो की नाही, यावर जाणकार वाद घालतील. बीबीसीचा ‘द ॲडव्हेंचर गेम’, १९८० ते १९८६. नामवंत पाहुणे आर्ग नावाच्या ग्रहावर अडकतात. तिथले रहिवासी खरे तर ड्रॅगन, आणि म्हणून त्यांची नावे ‘ड्रॅगन’ या इंग्रजी शब्दाची अक्षरे फिरवून केलेली. त्यांचा राजा रँगडो काही मालिकांत चक्क कुंडीतले एक झाड असतो, आणि त्याचा मान राखला नाही तर ते झाड रागाने थरथरते. तिथल्या नाण्याचे मूल्य म्हणजे त्याच्या बाजूंची संख्या गुणिले इंद्रधनुष्यातला त्याच्या रंगाचा क्रमांक. या हिशेबाने लाल चौकोन ४ आणि नारिंगी त्रिकोण ६. हे कोणी सांगत नाही, पाहुण्यांनी शोधून काढायचे असते, म्हणून हा परिच्छेद वाचून झाला असला तरी सोबत पाहणाऱ्यांना आधी सांगू नये. शेवटी व्होर्टेक्स नावाचा अदृश्य शत्रू असतो. आपल्याला तो पडद्यावर दिसतो, पाहुण्यांना दिसत नाही, आणि तो पुढे आहे का हे तपासण्यासाठी त्यांना एक हिरवा चीज रोल, म्हणजे चीज घातलेला पाव, फेकून पाहण्याची सोय असते. सुशिक्षित, प्रतिष्ठित माणसे हातात पाव घेऊन रिकाम्या जागेकडे गंभीरपणे पाहत उभी आहेत, हे दृश्य मी कितीही वेळा पाहू शकतो. जो व्होर्टेक्समध्ये सापडतो त्याला घरी पायी चालत जावे लागते.

हे सारे मिळवायचे कुठून? ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना ‘चॅलेंज’ या वाहिनीवर जुन्या भागांचे पुनःप्रक्षेपण पाहता आले आहे, आणि लंडनच्या साउथबँकवर ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या मीडियाटेकमध्ये जुन्या दूरचित्रवाणीचा मोठा साठा विनामूल्य पाहता येतो. भारतातून पाहणाऱ्याला मुख्यतः यूट्यूबवर लोकांनी घरच्या टेपवरून चढवलेल्या भागांवर अवलंबून राहावे लागते. शोधताना कार्यक्रमाच्या नावासोबत वर्ष आणि सूत्रसंचालकाचे नाव टाकावे, कारण यांतल्या बहुतेक कार्यक्रमांच्या पुढे नव्या आवृत्त्या निघाल्या आणि त्याच आधी समोर येतात. पुष्कळ भाग मिळणारच नाहीत. त्या काळी टेप महाग असल्याने ती पुसून पुन्हा वापरली जाई, आणि गेम शो जपून ठेवण्याजोगे आहेत असे फार थोड्यांना वाटले. बॉब मंकहाउस हे सूत्रसंचालक त्या थोड्यांपैकी होते. त्यांनी घरी ध्वनिचित्रमुद्रणे आणि चित्रफिती जमवल्या, आणि २००३ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्या संग्रहात इतरत्र नष्ट झालेले बरेच काही सापडले. मुलांसोबत पाहणार असाल तर एक भाग आधी स्वतः पाहावा. बायकांविषयी आणि परदेशी माणसांविषयीचे त्या काळचे काही विनोद आज ऐकवत नाहीत, आणि सहसूत्रसंचालिकेला अनेकदा फक्त बक्षीस दाखवण्यापुरते उभे केलेले असते.

पाहून झाल्यावर खेळून पाहिल्याशिवाय मात्र यांची ओळख पुरी होत नाही. मायकल माइल्स यांच्या ‘टेक युअर पिक’मधला, १९५५ पासून गाजलेला, हो-नाहीचा खेळ सर्वांत सोपा: एक मिनिट प्रश्नांची सरबत्ती, आणि हो किंवा नाही हा शब्द तोंडून निघाला की घंटा. मराठीत त्याला दोन जादा नियम लागतात. ‘हो’, ‘होय’ आणि ‘हं’ तिन्ही बाद धरावेत, आणि नुसते क्रियापद परत म्हणून सुटका करून घेणे दोनदाच चालू द्यावे, कारण ‘जेवलात का?’ला ‘जेवलो’ म्हणण्याची आपली जुनी सवय आहे. गेल्या दिवाळीत आमच्या घरी सगळ्यांत जास्त टिकलेली आत्या पन्नासाव्या सेकंदाला, ‘चहा ठेवू का?’ या प्रश्नावर बाद झाली. शब्दांची आवड असलेल्या घरात ‘कॉल माय ब्लफ’ खेळावा. मोल्सवर्थचा कोश उघडून एक अनोळखी शब्द निवडावा आणि तिघांनी तीन अर्थ सांगावेत, त्यांतला एकच खरा. ‘आगोट’ म्हणजे बैलगाडीच्या जुवाची खुंटी, नवरीच्या पाठवणीची शिदोरी, की पावसाळ्याच्या तोंडावरचे दिवस? कोकणातला पाहुणा असेल तर दुसरा शब्द घ्यावा.

आणि घरातले कोणी परदेशात असेल तर ‘द गोल्डन शॉट’ खेळावा, जो १९६७ ते १९७५ या काळात आयटीव्हीवर थेट प्रक्षेपित होत असे. त्यात धनुष्यासारखे खरे क्रॉसबो कॅमेऱ्याला जोडलेले असे, ते फिरवणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी असे, आणि घरी बसलेला प्रेक्षक आपल्या दूरचित्रवाणी संचावर नेम पाहत फोनवरून त्याला डावीकडे, थोडे उजवीकडे, सोड, असे सांगत असे. आता हे व्हिडिओ कॉलवर जमते. भिंतीवर कागदाचे सफरचंद चिकटवावे, एकाच्या डोळ्यांवर ओढणी बांधून त्याच्या डाव्या हातात मागचा कॅमेरा चालू केलेला फोन छातीशी धरून द्यावा आणि उजव्या हातात मोज्यांचा गोळा द्यावा. परदेशातल्या भाच्याने दिशा सांगावी. आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होतो, म्हणून ‘थांब’ हा शब्द सफरचंद मध्यावर येण्याच्या किंचित आधी म्हणायला त्याला शिकवून ठेवावे, आणि समोरच्या फळीवरची काचेची बरणी तेवढी आधी उचलून ठेवावी.